हायब्रीड मोटारगाडीची देखभाल : गरज किती, खर्च किती?

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला टेकून चोरखमारा हे गाव वसलेले आहे. गावाजवळचा विस्तीर्ण तलाव आणि भोवतालची धानशेती ही या परिसराची जुनी ओळख होय. १९७० साली नागझिरा अभयारण्य घोषित झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला आणि चोरखमाऱ्याचे प्रवेशद्वार दूरदूरच्या पर्यटकांच्या परिचयाचे झाले. अशा प्रवेशद्वाराशी येणाऱ्या मोटारींत आता एक वेगळी गाडी दिसते. वेग मंदावला की तिचे इंजिन बंद होते. मात्र गाडी थांबत नाही. विजेच्या बळावर ती निःशब्दपणे पुढे सरकते. हीच हायब्रीड मोटारगाडी.

‘हायब्रीड’ हा शब्द ग्रामीण महाराष्ट्राला नवा नाही. १९६० नंतरच्या दशकात संकरित ज्वारीबरोबर तो शेतकऱ्यांच्या बोलण्यात आला आणि तेथेच रुळला. मोटारीच्या बाबतीतही त्याचा अर्थ मिश्रणाचाच आहे. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन बले या गाडीत एकत्र नांदतात. भारतात २००८ साली होंडा सिव्हिक आणि २०१० साली टोयोटा प्रियस या हायब्रीड गाड्या विक्रीस आल्या. परंतु त्यांच्या किमती सामान्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. २०२२ या एकाच वर्षी होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस यांच्या हायब्रीड आवृत्त्या लोकांसमोर आल्या आणि चित्र पालटले. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथे हायब्रीड व विद्युत वाहनांचा कारखाना उभारण्याबाबत महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. यापुढे प्राध्यापक, शिक्षक, डॉक्टर, अधिकारी, बागायतदार अशा वर्गांत या गाड्यांची संख्या वाढत जाईल, हे उघड आहे.

इंधनाची बचत हे या गाडीचे मोठे आकर्षण. मात्र पेट्रोलवर वाचलेला पैसा देखभालीच्या अनावश्यक कामांवर खर्ची पडत असेल, तर त्या बचतीला अर्थ उरत नाही. नव्या तंत्राबरोबर एक भीतीही घरात येते. बॅटरी बिघडली तर? काही हात लावला आणि हमी रद्द झाली तर? या भीतीपोटी मालक अधिकृत विक्रेत्याच्या कर्मशाळेत सांगितले जाईल ते काम मान्य करतो. तालुक्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपूरपर्यंत गाडी न्यायची, त्यासाठी एक रजा खर्ची घालायची आणि सायंकाळी हाती येणाऱ्या देयकावर मुकाट्याने पैसे मोजायचे, असा हा क्रम असतो. तो बदलायचा असेल तर आपल्या गाडीत काय आहे आणि काय नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

तलाव आणि बॅटरी

भंडारा-गोंदिया हा तलावांचा प्रदेश. पावसाचे वाहून जाणारे पाणी पाळ घालून अडवायचे आणि धानाला गरज पडेल तेव्हा सोडायचे, हे शास्त्र येथील शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्या अवगत आहे. हायब्रीड गाडीची बॅटरी हा असाच एक तलाव आहे. साध्या गाडीत ब्रेक दाबला की चाकांची गती घर्षणामुळे उष्णतेत रूपांतरित होते आणि वाया जाते. हायब्रीड गाडीत ब्रेक दाबताच विजेची मोटर जनित्राचे काम करू लागते, गाडीच्या गतीतून वीज निर्माण करते आणि ती बॅटरीत साठवते. गाडी पुन्हा सुरू होताना, चढ चढताना किंवा गर्दीत हळूहळू सरकताना हीच वीज उपयोगी पडते. म्हणून या गाडीला बाहेरून विजेची जोडणी द्यावी लागत नाही.

या रचनेचा देखभालीवर थेट परिणाम होतो. वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करीत असल्याने ब्रेकचे पॅड सावकाश झिजतात. टोयोटा आणि मारुती यांच्या वर उल्लेखिलेल्या गाड्यांत नेहमीचा स्टार्टर नाही, नेहमीचा अल्टरनेटर नाही आणि झिजणारी क्लच प्लेटही नाही. इंजिन व मोटर यांचे बल दंतचक्रांच्या एका संचातून चाकांपर्यंत पोहोचते. वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो. साध्या गाडीत ज्या भागांवर वर्षानुवर्षे खर्च होतो, त्यांपैकी काही भाग येथे मुळातच नाहीत आणि काही भागांवर पडणारा ताण कमी आहे. तेव्हा हायब्रीड गाडी गुंतागुंतीची असल्यामुळे तिची देखभालही तितकीच महाग असणार, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बाजारात ‘माइल्ड हायब्रीड’ या नावानेही गाड्या विकल्या जातात. त्यांत पट्ट्याने चालणारे एक लहान यंत्र इंजिनाला थोडा हातभार लावते. गाडी केवळ विजेवर चालत नाही. अशा गाडीची देखभाल जवळजवळ साध्या पेट्रोल गाडीसारखीच असते. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे मालकाने आधी जाणून घ्यावे.

खरोखर आवश्यक कामे

अनावश्यक खर्च टाळणे म्हणजे देखभाल टाळणे नव्हे. तलावाच्या पाळीची डागडुजी आणि पाटांची साफसफाई वेळेवर झाली नाही तर नुकसान कोणाचे होते, हे सांगावयास नको. गाडीचेही तसेच आहे. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर ठरलेल्या अंतरानंतर किंवा ठरलेल्या मुदतीत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदललाच पाहिजे. हवेचा फिल्टर, वातानुकूलन यंत्राचा फिल्टर, ब्रेक ऑइल, स्पार्क प्लग आणि टायर यांचीही आपापली मुदत असते. हायब्रीड गाडीत इंजिनाप्रमाणेच विजेचे रूपांतर करणाऱ्या इन्व्हर्टरलाही थंड ठेवावे लागते. त्यासाठी असलेल्या कूलंटची पातळी पाहणे आणि पुस्तिकेप्रमाणे ते बदलणे हे खरे काम आहे.

बॅटरीला हवा पुरविणारी जाळी आसनांजवळ असते. तेथील फिल्टर धुळीने भरला तर बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. या जाळीसमोर पिशव्या, पोती किंवा चादरी ठेवू नयेत. हा सल्ला पाळण्यास एक पैसाही लागत नाही. पण गाडीतील सर्वांत महाग भागाचे रक्षण त्याने होते. याखेरीज बारा व्होल्टची एक लहान बॅटरी गाडीत असते. गाडी कित्येक आठवडे उभी राहिली तर ती उतरते आणि मोठी बॅटरी सुस्थितीत असूनही गाडी सुरू होत नाही. अशा वेळी मोठी बॅटरीच गेली, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

ब्रेकच्या बाबतीतही सावधगिरी हवी. पॅड कमी झिजतात म्हणून ते तपासूच नयेत, असे नाही. वापर कमी असल्याने पावसाळी, दमट हवेत ब्रेकचे भाग गंजून अडकण्याची शक्यता असते. म्हणून तपासणी नियमित करावी. बदल मात्र मोजमाप पाहूनच करावा. पॅडची जाडी किती उरली आहे आणि किमान किती असावयास हवी, हे दोन आकडे विचारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे.

ग्रामीण परिस्थितीचाही विचार करावा लागतो. मातीचे रस्ते, धान मळणीच्या दिवसांतील भुसा आणि उन्हाळ्यातील धूळ यांमुळे हवेचे फिल्टर शहरापेक्षा लवकर भरतात. धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी पुस्तिकांत वेगळ्या सूचना दिलेल्या असतात. कर्मशाळेने फिल्टर लवकर बदलण्यास सांगितले म्हणजे ती फसवणूकच, असे मानणे योग्य नाही. जुना फिल्टर प्रत्यक्ष काढून पाहिला की शंकेला जागा राहत नाही.

पुस्तिकेत नसलेली कामे

गाडीबरोबर मिळणारी मालकाची पुस्तिका बहुधा प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरही निघत नाही. वस्तुतः किती किलोमीटरनंतर कोणते काम करावयाचे, याचा तक्ता कंपनीनेच देखभालीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. गाडी बनविणाऱ्याने सांगितलेली देखभाल ती हीच. त्यापलीकडची कामे बहुतांशी विक्रेत्याने जोडलेली असतात.

इंजिन आतून धुणे, इंजिनातील कार्बन काढणे, इंजेक्टर साफ करणे, इंधनात द्रव्ये मिसळणे, गाडीच्या तळाला पुन्हापुन्हा लेप देणे, रंगावर चकाकीचे थर चढविणे, वातानुकूलन यंत्र निर्जंतुक करणे, उंदरांना पळविणारा फवारा मारणे अशी ही यादी लांबविता येईल. यांपैकी प्रत्येक काम प्रत्येक वेळी निरुपयोगी असते, असे नाही. शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात, हा अनुभव खोटा नाही. परंतु बोनेट उघडून अधूनमधून पाहणे आणि गाडीत खाद्यपदार्थ न ठेवणे हे उपाय घरच्या घरी करता येतात. इंजिन नीट चालत असता ते धुण्याचा आग्रह कशासाठी, हा प्रश्न मालकाने विचारलाच पाहिजे. काही बिघाड दिसतो आहे काय? पुस्तिकेत हे काम कोठे लिहिले आहे? न केल्यास काय होईल? या तीन प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळाले तर काम करावे, अन्यथा नम्रपणे नकार द्यावा.

हिशेबापुरते एक उदाहरण घेऊ. समजा, वार्षिक सर्व्हिसिंगचे देयक ९,००० रुपये झाले. त्यांत पुस्तिकेप्रमाणे आवश्यक कामांचे ५,००० आणि जोडकामांचे ४,००० रुपये आहेत. ही जोडकामे प्रत्येक वर्षी निमूटपणे स्वीकारली तर आठ वर्षांत ३२,००० रुपये होतात. पगारावर चालणाऱ्या कुटुंबात या रकमेतून एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा मोठा भार हलका होऊ शकतो.

हमीचा धाक आणि हमीचे स्वरूप

बॅटरीची भीती वाटणे स्वाभाविक आहे, कारण ती महाग असते. म्हणूनच तिच्यावर दीर्घ मुदतीची हमीही असते. टोयोटा, मारुती आणि होंडा यांनी भारतात आपल्या हायब्रीड गाड्यांच्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोवर हमी दिलेली आहे. विस्तारित हमी किंवा बॅटरीची विशेष तपासणी यासाठी जादा पैसे भरण्यापूर्वी मूळ हमीत काय समाविष्ट आहे, हे वाचून घ्यावे. एकाच संरक्षणासाठी दोनदा पैसे भरण्यात शहाणपण नाही.

‘बाहेर काम केले तर हमी जाईल’ हे वाक्यही वारंवार ऐकू येते. या संदर्भात भारतीय स्पर्धा आयोगाचा एक निर्णय लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०११ साली एका ग्राहकाने केलेल्या तक्रारीवरून आयोगाने मोटार कंपन्यांच्या सुट्या भागांच्या व्यवहारांची चौकशी केली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न मिळाल्यामुळे ग्राहक अधिकृत कर्मशाळांशी बांधला जातो, असा आयोगाचा निष्कर्ष होता. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये. सदोष दुरुस्तीमुळे जे नुकसान होईल तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल, असे आयोगाने सांगितले. या निर्णयाविरुद्ध कंपन्यांनी अपिले केली. २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत मूळ निष्कर्ष कायम ठेवले, दंडाच्या मोजणीची पद्धत बदलली आणि वाद पुढे वरिष्ठ न्यायालयांत गेला. म्हणून मालकाने आपल्या हमीपत्रातील अटी स्वतः वाचाव्यात आणि कोणतेही काम कोठेही केले तरी त्याची पावती, किलोमीटरची नोंद व वापरलेल्या तेलाचा प्रकार यांची कागदपत्रे जपून ठेवावीत.

मात्र एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे. हायब्रीड गाडीतील नारिंगी रंगाच्या तारांतून प्राणघातक दाबाची वीज वाहते. त्या तारा, मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर यांना घरी किंवा अप्रशिक्षित कारागिराने हात लावता कामा नये. टायर, वायपर, फिल्टर यांसारखी कामे गावाजवळच्या विश्वासू मिस्त्रीकडून करून घेणे आणि उच्च दाबाच्या विजेची कामे प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपविणे, ही विभागणी सुरक्षित व काटकसरीची आहे.

सही करण्यापूर्वी

कर्मशाळेत गाडी देताना भरले जाणारे जॉब कार्ड हा ग्राहक आणि विक्रेता यांच्यातील लेखी करार होय. त्यावर कोरी सही करू नये. पुस्तिकेतील तक्ता समोर ठेवून कोणती कामे करावयाची ती लिहून घ्यावीत, अंदाजे खर्च मागावा आणि ‘पूर्वसंमतीशिवाय वाढीव काम करू नये’ ही ओळ कार्डावर आवर्जून लिहावी. बदललेले भाग परत दाखविण्यास सांगावे. वेष्टनात येणाऱ्या सुट्या भागांवर किरकोळ विक्रीची कमाल किंमत छापलेली असते. तिच्याहून अधिक आकारणी करता येत नाही. गाडी परत घेताना जॉब कार्ड आणि देयक शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी. दहा मिनिटांचे हे काम पुष्कळदा मोठी रक्कम वाचविते.

हे करताना समोरच्या कर्मचाऱ्याशी वाद घालण्याचे कारण नाही. तोही नोकरदार असतो. ग्राहक माहितीनिशी आणि कागदानिशी बोलतो आहे, हे दिसले की व्यवहार बहुधा आपोआप सरळ होतो.

तक्रारीचा मार्ग

सांगितल्याखेरीज काम केले, न केलेल्या कामाचे पैसे घेतले किंवा पावती नाकारली, तर ग्राहक असहाय नाही. ग्राहक चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आहे.

या नव्या कायद्यातील एक तरतूद चोरखमाऱ्यासारख्या गावातील नागरिकाला विशेष मोलाची आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तो तक्रार दाखल करू शकतो. कर्मशाळा नागपूरची असली तरी तिरोडा तालुक्यातील ग्राहकाला गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे चालतात आणि ती ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रार सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत करावयाची असते. तत्पूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार करावी, तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी करावा. पुष्कळ तक्रारी या पायरीवरच मिटू शकतात.

गावासाठी अर्थ

चोरखमाऱ्याच्या परिसरात हायब्रीड गाड्या आज थोड्याच असतील. परंतु ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि पाण्याचे पंप घरोघरी आहेत. वर सांगितलेले नियम त्यांनाही तितकेच लागू पडतात. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारी, घरगुती उपकरणे आणि मोबाइल यांच्याबरोबर शेतीची अवजारेही समाविष्ट आहेत. दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचा तपशील ग्राहकाला सहज मिळावा, हा त्यामागील हेतू आहे.

ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर असो वा कार्यालयाची जीप, तिच्या देखभालीचा पैसा लोकांचाच असतो. देयक मंजूर करणाऱ्या सरपंचाने, ग्रामसेवकाने किंवा कार्यालयप्रमुखाने पुस्तिकेतील तक्ता मागवून देयकाशी ताडून पाहण्याची सवय लावली, तर त्या पैशाचा विनियोग अधिक चोख होईल. शिक्षकांनी राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, विद्यार्थ्यांना एखादे खरे देयक वाचून दाखविले, तर तो धडा त्यांना आयुष्यभर पुरेल.

तलावाचे पाणी कोणत्या दिवशी, कोणत्या पाटाने आणि किती सोडायचे, याचा हिशेब या भागातील शेतकरी चुकत नाही. पाण्याच्या बाबतीत अंगवळणी पडलेली ही दक्षता यंत्राच्या बाबतीतही आली पाहिजे. जे काम आवश्यक आहे ते वेळेवर करावे, जे अनावश्यक आहे ते कारण विचारून नाकारावे आणि प्रत्येक रुपयाची पावती जपून ठेवावी. नवे तंत्र गावापर्यंत येत आहे. त्याचे स्वागत करताना त्याची पुस्तिका वाचणारा मालकही गावोगावी तयार झाला, तरच त्या तंत्राचा खरा लाभ घरात उरेल.